ट्रिफीमावशीचा भोंगा

मार्चमध्ये चर्चच्या हॉलमध्ये बिंगो झाला तेव्हा ट्रिफीना पार्डीचा डोळा दुसऱ्या बक्षिसावर होता. दुसरं बक्षीस होतं डीप फ्रीझर. पांढराशुभ्र, एवढा मोठा की त्यात शिंगांसकट अख्खं मूस हरीण झोपलं असतं. पहिलं बक्षीस खरं तर कोणालाच नको होतं. ते एका खोक्यात होतं, बोटीवरून येताना खोक्याचा कोपरा भिजला होता, आणि पाद्रीबुवांनी त्याच्यापुढे पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं: कॉम्प्युटर. गॅनेट कोव्हच्या त्रेचाळीस घरांत तोवर, म्हणजे पंच्याऐंशी सालापर्यंत, कॉम्प्युटर कोणी हाताळला नव्हता आणि हाताळायची घाईही कोणाला नव्हती.

आणि नेमकं ट्रिफीचं कार्ड आधी भरलं. सवयीने ती "बिंगो!" म्हणून ओरडली आणि लगेच तिने जीभ चावली. पुढच्या डावात फ्रीझर गेला डल्सी स्नूककडे.

"अदलाबदल करतेस का म्हणून विचारू नकोस हं," डल्सी हॉलच्या दारातच म्हणाली. "आधीच सांगते, नाही म्हणणार आहे मी."

"विचारलं कोणी तुला?"

"तुझ्या नाकाने विचारलं. बघ कसं लाल झालंय."

खोकं काखेत मारून ट्रिफी घरी आली. तिचा धाकटा भाऊ एल्ड्रेड स्टोव्हपाशी मोजे वाळवत बसला होता. त्याने खोक्याकडे बघितलं, मोजा उलटा केला आणि विचारलं, "खातं काय हे?"

"वीज."

"बरंय. मीठमासा तरी उरेल आपल्याला."

त्या दिवसातलं एल्ड्रेडचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं.

पार्डींचं घर म्हणजेच टपाल कचेरी. पुढच्या खोलीत भिंतभर लाकडी कप्पे होते, त्रेचाळीस घरांचे त्रेचाळीस. ट्रिफीने ते एकोणतीस वर्षं सांभाळले होते. आठवड्यातून दोनदा बोट यायची, ट्रिफी पोतं उघडायची आणि पत्रांवरची नावं धड न वाचता ती कप्प्यांत सरकवायची. हात आपोआप जायचा. स्नूक एकोणीस, फज सात, चर्च एक. माणसं मरत, पोरी लग्न होऊन दुसऱ्या खाडीला जात, पण कप्प्याचा नंबर तोच राही. गावातली लहानथोर सगळी तिला ट्रिफीमावशी म्हणत. तिने लग्न केलं नव्हतं. एल्ड्रेडनेही नाही. त्याचं लग्न भोंग्याशी झालंय, असं लोक म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

बंदराच्या तोंडाशी जो उंच खडक आहे त्यावर भोंगाघर होतं. बावीस वर्षांचा असताना एल्ड्रेड तिथे नोकरीला लागला. धुकं आलं की इंजिन चालू करायचं, टाकीत हवा भरायची आणि भोंगा सोडायचा, धुकं जाईस्तोवर. आमच्या किनाऱ्यावर धुकं कधीकधी नऊ-नऊ दिवस जात नाही. भोंगा मिनिटातून एकदा हंबरायचा, तीन सेकंद, आणि शेवटी एकदम खाली उतरून हुंकार द्यायचा, एखाद्या म्हाताऱ्याने खुर्चीत बसता बसता द्यावा तसा. बूंऽऽऽ-हुं. त्या आवाजाने कपाटातल्या बश्या थरथरायच्या. तान्ही पोरं त्या आवाजात झोपायची आणि तो थांबला की जागी व्हायची.

एकोणऐंशी साली सरकारी बोट आली, माणसांनी भोंगा उतरवला आणि त्याच्या जागी एक पेटी बसवली. ती आपली आपण चालते. तिला इंजिन लागत नाही, माणूस लागत नाही. धुक्यात ती म्हणते, "पीं". एल्ड्रेडला निवृत्तीचा कागद आणि हात मिळवणारा एक साहेब मिळाला. तेव्हापासून तो हळूहळू बोलायचा बंद झाला. रुसला नव्हता. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जावं तसं त्याचं बोलणं खाली गेलं, एवढंच. धुकं आलं की तो खिडकीशी बसायचा आणि त्याचे ओठ हलत राहायचे. तो काय पुटपुटतो हे ट्रिफीने कधी विचारलं नाही. सहा वर्षं ती एका माणसाच्या पाठीशी बोलत आली होती आणि तिला त्याची सवय झाली होती.

कॉम्प्युटर म्हणजे जाडजूड, बदामी रंगाचा कीबोर्डच होता. तो टीव्हीला जोडायचा. बरोबर एक पुस्तक होतं. महिनाभर त्यावर विणकामाची टोपली पडून होती. मग एप्रिलमध्ये बर्फाने बोट आठवडाभर अडकली, पत्रं नाहीत, काम नाही, म्हणून ट्रिफीने टोपली उचलली आणि पुस्तक वाचायला घेतलं.

पहिली चाळीस पानं तिला कंटाळवाणी वाटली. यंत्राला आपलं नाव वीसदा लिहायला लावण्यात तिला रस नव्हता. पण पुढे एका पानावर लिहिलं होतं की या यंत्राची स्मरणशक्ती म्हणजे ओळीने लावलेले कप्पे आहेत, शून्यापासून पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंत. प्रत्येक कप्प्याला नंबर आहे. प्रत्येक कप्प्यात एकच आकडा मावतो, शून्य ते दोनशे पंचावन्न यांतला. आणि एक हुकूम आहे, पोक. म्हणजे सरकव. पुढे दोन आकडे द्यायचे: कुठल्या कप्प्यात, आणि काय.

ट्रिफीने चष्मा काढून पुसला आणि तेवढंच पान परत वाचलं.

"एल्डी," ती म्हणाली, "अरे, ही टपाल कचेरीच आहे."

पाठ काही बोलली नाही.

पुस्तकात दिल्याप्रमाणे तिने कप्पा ५३२८१ मध्ये १५ टाकला. टीव्हीचा निळा पडदा क्षणात राखाडी झाला. मग ५३२८० मध्ये १२, तशी पडद्याची चौकट जरा गडद राखाडी झाली. ट्रिफी बघत राहिली. जून महिन्यात सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसतं तेच टीव्हीत दिसत होतं: पुढे धुकं आणि कडेला धुक्याची सावली. कोणाला विचारायचं नाही, कोणाच्या हातापाया पडायचं नाही. नंबर माहीत असला की झालं. आपण चिठ्ठी टाकायची आणि आत, कुठेतरी, कोणीतरी ती उचलून पडदा रंगवायचं.

एक कप्पा असा निघाला की त्यात शून्य टाकल्याबरोबर सगळं यंत्र गप्प झालं, एकही बटण चालेना. तिने वायर काढून परत लावली. ते पुन्हा जागं झालं, काही झालंच नाही अशा थाटात. मग तिने हट्टाने एका कप्प्यात २५६ टाकून बघितला. यंत्राने पडद्यावर छापलं की हा आकडा बेकायदेशीर आहे.

"बेकायदेशीर!" ट्रिफी उभीच राहिली. "एकोणतीस वर्षं सरकारचं टपाल वाटलं, एक तिकीट इकडचं तिकडे झालं नाही, आणि हे बिंगोत मिळालेलं कार्टं मला बेकायदेशीर म्हणतंय!"

खिडकीपाशी एल्ड्रेडचे खांदे हलले. तो हसत होता.

पुस्तकात शेवटी आवाजाचे कप्पे दिले होते, ५४२७२ पासून पुढे. एकात सूर किती उंच, एकात आवाज चढतो कसा, एकात उतरतो कसा, ५४२९६ मध्ये किती मोठा. आणि ५४२७६ हा दरवाजा. त्यात ३३ टाकला की आवाज सुटतो.

जून आला. कॅपलिन मासे किनाऱ्याला लागले, आणि त्यांच्यामागून नेहमीप्रमाणे धुकं. घरं एकेक करून पुसली गेली. आधी पलीकडचा काठ गेला, मग धक्का, मग डल्सीचं कुंपण, मग अंगणातली दोरी. तिच्यावर वाळत घातलेले दोन पायजमे तेवढे कोणी न घालता हवेत उभे राहिले. खडकावरची पेटी "पीं" म्हणाली. ट्रिफी दुपारी टपाल बंद करून यंत्रापुढे बसली. सूर खालचा हवा म्हणून तिने ५४२७३ मध्ये ११ टाकला. आवाज पुरता पंधरा. दरवाजात ३३.

टीव्हीतून जे निघालं ते थांबेचना. मागे लाकडं फोडत असलेला एल्ड्रेड कुऱ्हाडीसकट आत धावला.

"गाय कुठून आणलीस?"

"गाय नाही. भोंगा आहे."

"भोंगा?" तो ऐकत राहिला. "मग दिवस भरलेत त्याचे. बंद कर ना!"

"कसा करायचा ते पुढच्या पानावर आहे!"

पुढच्या पानावर ३२ होता. तिने तो टाकला आणि घरात एकदम शांतता झाली, धुक्यातली, कापसासारखी. एल्ड्रेड कुऱ्हाड हातात घेऊन तसाच उभा होता. ट्रिफीला वाटलं आता हा परत जाईल. पण तो म्हणाला, "फार कोरडा आहे. आपला ओला होता."

तिथून ते सुरू झालं. रोज दुपारी बहीण आकडे टाकायची आणि भाऊ स्टोव्हपाशी मान तिरकी करून ऐकायचा. ओला आवाज कसा करायचा हे पुस्तकात नव्हतं. ट्रिफीने एकाऐवजी दोन सूर लावले, एकमेकांपासून केसभर सुटे, तेव्हा आवाज जाड झाला आणि आत काहीतरी हेलकावायला लागलं. "हां," एल्ड्रेड म्हणाला, "आता मिशा फुटल्या त्याला." शेवटच्या हुंकाराला पंधरा दिवस लागले. अकरावरून एकदम पाचावर उडी मारली तर तो ढेकर वाटायचा. मग तिने अकरा, दहा, नऊ, सात, पाच अशा पायऱ्या केल्या, आणि पाचावर जरा थांबून मग दार लावलं.

एक अडचण होती. लिहिलेलं जपून ठेवायचं यंत्र वेगळं मिळायचं आणि ते बक्षिसात नव्हतं. वायर काढली की पासष्ट हजार कप्पे रिकामे. म्हणून ट्रिफी सगळे आकडे जुन्या टपाल फॉर्मांच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून टाइप करायची, चाळीस ओळी.

"रोज रोज तेच?" डल्सीने विचारलं. ती तिकिटं घ्यायला म्हणून यायची आणि चहा घेऊन जायची.

"तू पाव रोज मळतेस ना? कालचा मळलेला आहेच की, असं म्हणतेस का?"

डल्सीने कप बशीत ठेवला. तेवढ्यात ट्रिफीने भोंगा सोडला. बूंऽऽऽ-हुं. कपाटातल्या बश्या हलल्या नाहीत, पण डल्सीचा कप बशीत किणकिणला.

"चूक," डल्सी म्हणाली.

"काय चूक?"

"दोनदा यायचा. एकदा खरा, आणि मग मागून एक बारका, कोणीतरी वेडावून दाखवल्यासारखा."

"कधीच नाही," एल्ड्रेड म्हणाला. "भोंगा मी वाजवायचो की तू?"

"वाजवायचास तू, ऐकायचो आम्ही!"

भांडण बाहेर पडलं. पलीकडच्या काठावरचा सेलबी फज, पंच्याऐंशी वर्षांचा म्हातारा, मुद्दाम होडी वल्हवत आला आणि त्याने सांगितलं की आवाज लांब बिंब काही नव्हता. नुसता "हुं" यायचा. त्याच्या घरी तरी. आणि तो घरभर नाही, फक्त मागच्या खोलीत. पाद्रीबुवांच्या मते भोंगा दयाळू होता आणि जरा बेसूर. कोणी म्हणे उंच, कोणी म्हणे खोल. आठवडाभर गावात हाच विषय. धक्क्यावर मासे साफ करता करता बाप्ये एकमेकांना हंबरून दाखवायचे आणि सुऱ्या उगारून म्हणायचे, "हॅट, असा नाही."

ट्रिफीने कोणालाच खोटं ठरवलं नाही. पुढच्या धुक्याच्या दिवशी तिने रबरी बूट चढवले, खिशात पेन्सिल आणि फॉर्म घेतले आणि दारोदार गेली. गावाने तिच्याकडून पत्रं नेली होती, दारात येऊन काही मागताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. डल्सीच्या दाराशी उभं राहून तिने धुक्यात टाळी वाजवली. टाळी समोरच्या कड्यावर आपटून परत आली, बारीक होऊन. दोनदा! डल्सी खरं बोलत होती. पलीकडे सेलबीचं घर टेकडीच्या पोटात होतं. तिथे आवाजाचा वरचा भाग टेकडीवरून निघून जायचा आणि जड हुंकार तेवढा खाली घरंगळत यायचा. त्याच्या मागच्या खोलीत एक रिकामं पिंप होतं. ट्रिफीने पिंपात "हुं" म्हणून बघितलं. पिंपानेही "हुं" म्हटलं.

प्रत्येक घरी ती एकच म्हणायची, "कसा यायचा, म्हणून दाखव." आणि माणसं डोळे मिटून, हात कडेला सोडून, आपापल्या स्वयंपाकघरात उभी राहून हंबरायची. दिवसभर गॅनेट कोव्हमधून, कधी या दारातून कधी त्या, तो आवाज येत राहिला. बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. समुद्रावर कोणी होडीत असेल तर त्याला काय वाटलं असेल, देव जाणे.

मग तिने घराघराचे आकडे बसवले. ज्याचे त्याचे वेगळे. एकेक चिठ्ठी लिहून तिने ती त्या त्या घराच्या कप्प्यात ठेवली. सातमध्ये सेलबीचा हुंकार, एकोणीसमध्ये डल्सीचा दुहेरी. लोक पत्र न्यायला यायचे, चिठ्ठी बघायचे, आकड्यांवरून बोट फिरवायचे. कॉम्प्युटर कोणाकडेच नव्हता. ते म्हणायचे, "मावशी, चिठ्ठी तुमच्याकडेच राहू दे. धुकं आलं की येऊ." आणि यायचेही. भिजल्या टोप्या स्टोव्हवर टांगून, पाळीची वाट बघत, टूटनचा, म्हणजे तळलेल्या पावाच्या पिठाचा, घास तोंडात धरून बसायचे. ट्रिफी त्यांची चिठ्ठी काढून टाइप करायला घ्यायची. तोवर फक्त बटणांची टकटक आणि किटलीची सळसळ. मग त्यांच्या घरचा भोंगा वाजायचा.

सेलबी ऐकून नुसता मान हलवायचा आणि परत होडीकडे चालू लागायचा. कोणी हसायचं. डल्सीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "सगळं आहे गं. खिडकी राहिली."

"कसली खिडकी?"

"दुसरा आवाज आला की आई खिडकी खाली ओढायची. धाडकन. म्हणायची, ‘एवढं पुरे.’ रोज. आणि मग पावाचा वास आतच राहायचा."

ट्रिफीने दोन दिवस पुस्तक चाळलं. एका आकड्याने, १२९ ने, सुराऐवजी नुसता खरखराट यायचा. तो एवढासा, पापणी लवेपर्यंत सोडून लगेच तोडला तर काहीतरी आपटल्यासारखं वाटायचं. तिने तो दुसऱ्या भोंग्याच्या शेपटीला लावला. डल्सीने ऐकलं. बूंऽऽऽ-हुं, बारीक बूंऽऽ, धाड. तिने एप्रनने तोंड झाकलं आणि एप्रनच्या आतूनच ती म्हणाली, "फ्रीझरमध्ये मूसचा मागचा पाय आहे. उद्या आणून देते. नाही म्हणू नकोस."

ट्रिफी नाही म्हणाली नाही.

एल्ड्रेडची चिठ्ठी मात्र नव्हती. तो सगळ्यांचे भोंगे ऐकायचा, चुका काढायचा, आता चांगला बोलायलाही लागला होता. पण स्वतःचा कधी मागितला नाही. सप्टेंबरात, दोघंच घरात असताना, ट्रिफीने विचारलं, "एल्डी, तुझा कसा होता?"

"मला कुठे ऐकू यायचा?"

"म्हणजे?"

"भोंग्याच्या पोटात बसून भोंगा ऐकू येतो होय? कानात कापसाचे बोळे, वर कानटोपी. तळपायांत यायचा तो. जमिनीतून." त्याने स्टोव्हचं दार उघडून एक लाकूड सरकवलं. "मला आवाज आठवत नाही, ट्रिफ. मला मधलं आठवतं."

"मधलं काय?"

"एक झाला की दुसरा होईस्तोवर. सत्तावन्न सेकंद. मी बोळे काढून दारात उभा राहायचो आणि मोजायचो." तो खिडकीकडे बघत होता, पण आता बोलत होता तिच्याशीच. "भोंगा एवढा मोठा की तो गेल्यावर जे गप्प व्हायचं ना, तसं गप्प तू ऐकलं नसशील. त्यात सगळं ऐकू यायचं. पाण्यावर पक्ष्याने पंख झटकला तर तो. अर्ध्या मैलावर कोणाचं वल्हं. एकदा एक बाई गात होती होडीत, चर्चमधलं काहीतरी, अगदी जवळून गेली. दिसली नाही. कोण होती ते अजून माहीत नाही. मग माझे सत्तावन्न संपायचे आणि मला परत आत जाऊन सगळ्यांवर भोंगा सोडायला लागायचा. वाईट वाटायचं कधीकधी."

"म्हणून ओठ हलतात तुझे."

"हलतात का?"

"सहा वर्षं हलतायत."

एल्ड्रेडने ओठांना हात लावून बघितला, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

त्याचा भोंगा सगळ्यांत सोपा होता आणि सगळ्यांत लांब. ट्रिफीने सूर जेवढा खाली नेता येईल तेवढा नेला, नुसती घरघर उरेपर्यंत. मग यंत्राला मनातल्या मनात हजारोंनी आकडे मोजायला लावलं, दुसरं काही करायचं नाही, फक्त मोजायचं. स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी तीन दिवस ताडून तिने तो आकडा बरोबर सत्तावन्न सेकंदांवर आणला. दोघांनी मिळून टीव्ही उचलला आणि फळ्यांच्या जमिनीवर आडवा ठेवला, स्पीकरची बाजू खाली, बाजूला दोन उशांचा टेकू. एल्ड्रेडने बूट काढले. लोकरी मोज्यांतले पाय फळीवर ठेवले.

ट्रिफीने बटण दाबलं. फळ्या हलक्याशा गुरगुरल्या, एल्ड्रेडचे पाय जागच्या जागी स्थिर झाले, आणि मग ते थांबलं.

बाहेर खूप धुकं होतं. खडकावरच्या पेटीचं "पीं" आलं, पण फार लांबून, दुसऱ्या कोणाच्या घरचं असावं तसं. मग ट्रिफीला स्टोव्हमधल्या राखेची पडझड ऐकू आली. छपराच्या कडेवरून एक थेंब, खालच्या पिंपात. डल्सीची कोंबडी. धक्क्यावर दोर ताणल्याची कुरकुर. भावाचा श्वास, तो अजून तसाच घ्यायचा, लहानपणी एका खाटेवर झोपायचे तेव्हासारखा, आत घेताना दोन टप्प्यांत. इतकी वर्षं हे सगळं इथेच होतं. ती मोजायला गेली, तर आकडा चुकला, आणि तिने तो सोडून दिला.

जमीन परत गुरगुरली.

"चौपन्न," एल्ड्रेड म्हणाला. "तीन कमी पडले."

"घड्याळाशी ताडलंय मी!"

"घड्याळ पुढे पळतं आपलं. बाबांच्या वेळेपासून."

तिने आकडा वाढवला. त्या हिवाळ्यात आणि पुढे पाच वर्षं, धुकं असेल त्या दुपारी टीव्ही जमिनीवर असायचा. बातम्या बघायला शेजारी यायचे ते मान वाकडी करून बघायचे. एल्ड्रेड त्या मधल्या सत्तावन्न सेकंदांत गप्प राहायचा आणि बाकी वेळ बोलायचा. इतका बोलायचा की डल्सी म्हणाली, "याचं नरडं परत बंद करायचा आकडा नाही का तुझ्या पुस्तकात?"

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत छातीत पाणी होऊन तो गेला. पुढच्या वर्षी सरकारने कॉडची मासेमारी बंद केली. माशांशिवाय गॅनेट कोव्हमध्ये थांबून करायचं काय? तरणी माणसं आधी गेली, ओन्टारिओला, अल्बर्टाला. मग म्हातारी त्यांच्यामागे. त्र्याण्णव साली टपाल कचेरी बंद करण्याचा कागद आला. तो कागद पोत्यातून ट्रिफीनेच काढला आणि क्षणभर तिला कळेना, हा ठेवायचा कुठल्या कप्प्यात.

पण त्या शेवटच्या वर्षात पत्रं मात्र कधी नव्हती एवढी आली, आणि बरीचशी तिच्या स्वतःच्याच नावाने. "मावशी, पोरांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे, आमचे आकडे पाठवाल?" ती पाठवायची. सुवाच्य अक्षरात, ओळीने, चुकू नये म्हणून एकदा उलटे वाचून तपासून. डल्सी तिच्या लेकीकडे, लोरेनकडे, ओन्टारिओत राहायला गेली होती. समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर, मक्याच्या शेतांच्या मधोमध. तिलाही पाठवले.

नोव्हेंबरात एका दुपारी फोन आला. "ट्रिफी, बोलू नकोस," डल्सीचा आवाज. "लोरेनने टाइप केलंय. फोन टीव्हीला लावतेय."

ट्रिफीने फोन कानाला दाबून धरला. खरखर झाली. मग दोन हजार मैलांवरून, तारेतून गाळून बारीक झालेला, एकोणीस नंबरचा भोंगा आला, आणि त्याचा वेडावणारा प्रतिध्वनी, आणि धाड. आणि त्यानंतर, जिथे काहीच असायला नको होतं तिथे, एक लांब, चढत जाणारा, काळीज पिळवटणारा आवाज.

"अगं, हे काय?" ट्रिफी घाबरली. "हा आकडा मी दिलेला नाही!"

"कुत्रा आहे," डल्सी हसत होती. "लोरेनचा. रोज असंच करतो. भोंगा झाला की मान वर करून ओरडतो. जन्मात समुद्र बघितला नाही त्याने."

"नाव काय त्याचं?"

"डंकन. थांब, परत लावायला सांगते. या वेळी तू त्याला हाक मार."

ट्रिफी फोनशेजारच्या स्टुलावर बसली, घसा साफ केला, आणि भोंगा होण्याची वाट बघत राहिली.